रोगाच्या गणितातला सीमाप्रश्न : शिनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे

गणितमास्तर_शहापूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गेल्या श्रावणात आमच्या भाच्याला डेंगी झाला. बहीण चंदगड तालुक्यात दिलेली, पोरगं शिकायला बेळगावात आमच्याकडे. दर शनिवारी वेंगुर्ला रोडनं गावी जातो, सोमवारी पहिल्या एसटीनं परत येतो. ताप चढला गावी, रक्त तपासलं बेळगावात, प्लेटलेट उतरल्यावर भरती केलं तेही बेळगावात. देवाच्या दयेनं पोरगं बरं झालं. नंतर मी एक साधा प्रश्न घेऊन दोन्हीकडं फिरलो : ही केस कुणाच्या वहीत चढली? इकडचे म्हणाले, पत्ता महाराष्ट्राचा आहे. तिकडचे म्हणाले, तपासणी आमच्याकडं झालीच नाही. आमच्या गल्लीत धूर मारून गेले, त्याच्या गावात मारला तो तीन आठवड्यांनी.

मी ३१ वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. त्या दिवसापासून साथीच्या गणितावर मिळेल ते वाचतोय आणि त्यात आपल्या भागाशी थेट जोडलेली एक गोष्ट सापडली, म्हणून हा धागा.

रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दाखवला, हे आपण शाळेत शिकतो. पुढचं कुणी शिकवत नाही. डास कमी केले की मलेरिया हटेल असं रॉस सांगू लागले. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत तसा प्रयोग झाला, पण ताप काही हटला नाही. विरोधकांचं म्हणणं असं, की एका जागेचे डास मारून काय उपयोग, बाहेरून नवे येतच राहणार. तेव्हा रॉस हिशेबाला बसले. एवढा एवढा भाग साफ केला तर कडेनं किती डास आत येतील, किती खोलवर येतील? १९०४ मध्ये त्यांनी हे गणित मांडलं. त्यातला अवघड भाग संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्यापर्यंत गेला, पिअर्सननी तो प्रश्न १९०५ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात विचारला आणि तिथून ‘रँडम वॉक’ (दिशा न ठरवता पावलं टाकत भटकणं) हा शब्द रूढ झाला. आज शेअर बाजारापासून सगळीकडं वापरला जाणारा हा शब्द साफ केलेल्या भागाच्या हद्दीवर डास किती उरतील, या प्रश्नातून आलाय.

उत्तराचा गाभा कुणालाही कळेल असा आहे. जमिनीवर एक सरळ रेघ ओढा. एका अंगाला पैदास पूर्ण बंद केली, दुसऱ्या अंगाला आहे तशीच ठेवली. डास कुठलीही दिशा न ठरवता भटकतो, त्याला रेघ दिसत नाही. मग नेमक्या रेघेवर डास किती उरतील? निम्मे. रेघेच्या आत खोल गेलं तर कमी होत जातील, पण रेघेवरच्या माणसानं आपल्या अंगाला कितीही कष्ट केले तरी निम्मे डास त्याच्या वाट्याला येणारच. पलीकडचा जागा झाल्याशिवाय ते निम्मे जात नाहीत.

सीमाप्रश्न म्हटलं की आपल्याला १९५६ ची राज्यपुनर्रचना आठवते. हद्दीवरच्या बाची-शिनोळीच्या माणसाला रोगाचाही सीमाप्रश्न आहे आणि तो निम्म्याचा आहे.

माझं म्हणणं एवढंच : बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी आणि पलीकडचे चंदगड, गडहिंग्लज, कागल हे रोगाच्या हिशेबात एकच क्षेत्र धरलं पाहिजे. इथं डॉक्टर आहेत, आरोग्य खात्यात काम करणारे आहेत. बोला.

---

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय. उचगाव फाट्यावर राहतो. धूर मारायची गाडी शेवटच्या घरापर्यंत येते आणि मागं वळते, हे लहानपणापासून बघतोय. निम्म्याचं गणित आज कळलं.

---

निपाणीवाला

सर, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच लिहितो. साथीच्या या गणितावरचा, म्हणजे मॉडेलवरचा, माझा विश्वास उडाला आहे.

माझा टेम्पो आहे, निपाणी-कोल्हापूर भाडं करतो. २०२० च्या ऑक्टोबरात केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्यानं नेमलेल्या समितीनं मॉडेलवरून सांगितलं, की कोविडचं शिखर सप्टेंबरात होऊन गेलं, काळजी घेतली तर फेब्रुवारीपर्यंत साथ आटोक्यात येईल. घरातल्या सगळ्यांनी पेपरात वाचलं. फेब्रुवारीत भावाचं लग्न धरलं. पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, ६ मे २०२१ ला देशात एका दिवसात ४ लाखांवर रुग्ण. माझे वडील त्याच्या आधी, एप्रिलमध्ये गेले.

आणि त्याच दिवसांत हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटी-पीसीआरचा कागद मागत होते. कागलमध्ये राहणारा माझा मेहुणा वडिलांच्या मातीला पोचला नाही. आता तुम्ही परत गणित म्हणताय.

---

गणितमास्तर_शहापूर

निपाणीवाले, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या प्रश्नाला घाईनं उत्तर देणार नाही.

त्या समितीच्या सांगण्यात ‘काळजी घेतली तर’ ही अट होती, आणि विषाणू तोच राहील हे न बोलता धरलेलं होतं. दोन्ही मोडलं. लोक लग्नं करू लागले, आणि डेल्टा हा नवा प्रकार आधीच्यापेक्षा कितीतरी जास्त पसरणारा निघाला. पेपरात पोचेपर्यंत अट गळून पडते, तारीख तेवढी राहते. तारीख सांगणाऱ्या मॉडेलवर मीसुद्धा विश्वास ठेवत नाही. माझ्या मते मॉडेलला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. साथ कधी संपेल, हा नव्हे. हातात पैसा आणि माणसं एवढीच आहेत, मग हे केलं तर जास्त फरक पडेल की ते? या प्रश्नाला ते बऱ्यापैकी प्रामाणिक उत्तर देतं, कारण दोन्हीकडं चूक सारखीच असली तरी तुलना बरीचशी टिकते.

नाक्याबद्दल कुणीतरी हिशेब करून दाखवा. मी केला आहे, पण दुसऱ्याकडून ऐकायचं आहे.

---

बंगळूरस्थ_खडेबाजार

मी करतो, सर. कामच डेटाचं आहे, मूळचा खडेबाजारचा.

समजा पलीकडं साथ आहे, अलीकडं शून्य. आणि इकडं आली की रुग्ण दर ४ दिवसांनी दुप्पट होतात. नाक्यामुळं रोज येणाऱ्या बाधितांतले १० पैकी ९ अडले. म्हणजे साथीची सुरुवात एक दशांशानं झाली. एक दशांश भरून काढायला किती वेळा दुप्पट व्हावं लागेल? तीनदा झालं तर ८ पट, चारदा झालं तर १६ पट, म्हणजे साधारण सव्वातीन वेळा. गुणिले ४ दिवस, तेरा दिवस. एवढी कडक नाकाबंदी करून तेरा दिवसांची सवड मिळते. त्या तेरा दिवसांत खाटा, ऑक्सिजन, तपासणी उभी केली तर त्या सवडीचं सोनं होतं. नाही केली, तर लोकांना त्रास तेवढा होतो.

आणि दोन्हीकडं साथ आधीच पसरलेली असेल तर? मग नाक्यावरून येणारे बाधित हे आत रोज होणाऱ्या लागणीपुढं अगदी थोडे असतात. सवड जवळपास शून्य. वुहानच्या प्रवासबंदीचा अभ्यास २०२० मध्येच झाला होता. चीनच्या मुख्य भूमीवर साथ त्यामुळं फक्त ३ ते ५ दिवस पुढं गेली, कारण बंदी घालेपर्यंत रोग बाकी शहरांत पोचला होता.

एप्रिल २०२१ मध्ये कोल्हापूर आणि बेळगाव दोन्हीकडं साथ होती, दादा. तुमच्या मेहुण्याला अडवून काही साधलं नाही, असंच हे गणित सांगतं. ते त्या वेळी कुणी मांडून दाखवायला हवं होतं.

---

निपाणीवाला

हे मला आजवर कुणीच असं सांगितलं नव्हतं. तेरा दिवसांचा हिशेब मी उद्या मेहुण्याला सांगणार आहे. अजून सगळं पटलंय असं नाही, पण वाचतोय.

---

चंदगडी_डॉक्टर

मास्तर, धागा चांगला काढलात. मी चंदगडात प्रॅक्टिस करतो, रुग्ण मोठा असला तर बेळगावलाच पाठवतो. कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या घरात, बेळगाव तासाभरावर. माझ्या वहीत ‘बेळगाव रेफर’ हा शेरा सगळ्यांत जास्त वेळा असतो. तेव्हा तुमच्या भाच्याचा गोंधळ मी दर पावसाळ्यात बघतो.

एक गोष्ट दुरुस्त करून सांगतो. रॉसचा डास मलेरियाचा. डेंगीचा डास, एडिस, घराला चिकटलेला असतो. बहुतेक वेळा दोन-चारशे मीटरच्या आतच त्याचं आयुष्य संपतं. म्हणजे डेंगी शिनोळीची वेस ओलांडतो तो डासाच्या पंखावर नाही, तुमच्या भाच्यासारख्या माणसाच्या रक्तातून. आणि माणूस रँडम वॉक करत नाही. तो सकाळी गणपत गल्लीत येतो, संध्याकाळी घरी जातो. शनिवारी गावी, सोमवारी परत. गणित करायचं तर या येण्याजाण्याचं करावं लागेल.

दुसरं, धुराबद्दल. जॉर्ज मॅक्डोनाल्ड यांनी १९५० च्या दशकात रॉसचं गणित पुढं नेलं. रोगी माणसाला चावल्यावर डास लगेच रोग देत नाही. जंतू त्याच्या अंगात पिकायला साधारण १० दिवस लागतात, आणि तोवर डास जगला पाहिजे. समजा रोज १०० पैकी ९० डास जगतात. दहा दिवस टिकणारे ३५. आता रोजचं जगणं ९० वरून ८० वर आणलं, तर दहा दिवस टिकणारे ११ पण नाहीत, आणि जे टिकतात त्यांचं पुढचं आयुष्यही निम्म्याहून कमी. दोन्ही मिळून रोग पसरवण्याची ताकद जवळपास एक सप्तमांश होते. उलट, पैदास निम्मी केली तर ताकद फक्त निम्मी होते. मोठा डास किती दिवस जगतो यावर सगळं फिरतं. मच्छरदाणीवर आणि घराच्या भिंतीवर फवारलेल्या औषधावर मलेरियात भर दिला गेला तो यामुळं.

मग धूर का फसतो? धूर रस्त्यावर असतो आणि एडिस पलंगाखाली, कपाटामागं, लोंबत्या कपड्यांत. धुरानं एका संध्याकाळी काही डास मरतात, त्यांचं रोजचं मरण वाढत नाही. गाडी गेली की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा १०० पैकी ९०. शिवाय डेंगीत दिवसा चावणारा डास असल्यामुळं रात्रीची मच्छरदाणी अर्धंच काम करते, म्हणून आपल्याकडं पाण्याच्या भांड्यावरच जास्त जोर द्यावा लागतो. दर आठवड्याला एक दिवस भांडी कोरडी करा असं सांगतात, त्यात ‘आठवडा’ हा शब्द हिशेबातून आलाय. अंड्यापासून डास व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात.

---

टिळकवाडी_ताई

डॉक्टर, पाण्याचं तुम्ही काढलंत म्हणून. बेळगावात काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आहे, बाकीच्यांना अजून दिवसाआड, कधी चार दिवसांआड. ज्याच्या नळाला रोज पाणी नाही तो पिंप, बॅरल, हौद भरून ठेवणारच. आमच्या बाईला मी बॅरल झाका म्हणते, ती म्हणते झाकण कुठंय. नळाचं वेळापत्रक तुमच्या गणितात धरायला हवं.

---

गणितमास्तर_शहापूर

ताई, अगदी. भांड्यांची संख्या हा डासांच्या संख्येचाच भाग आहे. एखाद्या वॉर्डाला पाणी किती दिवसांनी येतं हा आकडा मिळाला तर डेंगीच्या नकाशावर ठेवून बघायला मला स्वतःला आवडेल.

---

कणकुंबीची_सेविका

मी खानापूरच्या जंगलपट्ट्यात आरोग्य सेविका आहे. गणित फार येत नाही, माहिती देते.

आमच्याकडं डेंगीपेक्षा माकडतापाची भीती मोठी. डिसेंबर ते मे हा हंगाम, गोचीड बारीक असतात, दिसत पण नाहीत. २०१५ मध्ये पलीकडं गोव्याच्या सत्तरीत निघाला, २०१६ मध्ये दोडामार्गात. आमच्या बायका काजूच्या हंगामात तिकडं मजुरीला जातात, चोर्ला घाट उतरून. ताप घेऊन घरी येतात. माणूस आजारी इथं दिसतो, चावलेलं असतं गोव्यात. आमच्या रजिस्टरात गाव लिहायला एकच रकाना आहे. मी स्वतः पेन्सिलीनं बाजूला ‘काजू, सत्तरी’ असं लिहिते.

प्रश्न असा : तुम्ही वर दुप्पट-दुप्पट म्हणालात. माकडतापात एका घरातून दुसऱ्या घरात जाताना मी कधी बघितला नाही. मग ते गणित इथं लागतं का?

---

गणितमास्तर_शहापूर

ताई, तुमचा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा आहे. नाही लागत.

माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही. गोचीड, जंगलातले उंदीर-घुशी, माकडं यांच्यात तो विषाणू फिरतो, आणि माणूस म्हणजे त्याची बंद गल्ली. आत येतो, पुढं जात नाही. म्हणून एका रुग्णामागं नवे रुग्ण किती, हा जो आकडा गणितवाले ‘आर-नॉट’ म्हणतात, तो इथं माणसांवरून काढायचाच नसतो. माणसांचा आकडा फक्त एवढंच सांगतो, की या आठवड्यात जंगलात किती लोक गेले आणि तिथं किती गोचीड होते. त्याच्या आधीची खूण म्हणजे मेलेलं माकड. इथं गणित करायचं ते जंगलाच्या कडेचं, गुरं चरायला किती आत जातात त्याचं, आणि काजू-सरपणाला कोण कुठल्या महिन्यात कुठं जातं त्याचं. गुरांमध्ये हा विषाणू वाढत नाही, पण मोठा गोचीड गुरांच्या अंगावर पोसला जातो, म्हणून गुरं धरावीच लागतात.

याच चुकीचा एक जुना, मोठा दाखला आहे. १९२७ मध्ये केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी साथीचं ते प्रसिद्ध मॉडेल मांडलं, ज्यात लोकांचे तीन कप्पे करतात : लागण होऊ शकणारे, बाधित, आणि बरे झालेले किंवा गेलेले. कोविडमधली बहुतेक गणितं याच झाडाच्या फांद्या. केरमॅकना प्रयोगशाळेतल्या अपघातात वयाच्या २६ व्या वर्षी अंधत्व आलं होतं, ही मोठी गणितं ते डोक्यात करत. मॅकेंड्रिक भारतात वैद्यकीय सेवेत होते, कसौलीच्या पाश्चर संस्थेचे संचालक होते. मॉडेल पडताळायला त्यांनी आकडे घेतले ते आपल्या मुंबईच्या प्लेगचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, आठवड्याला किती मेले त्याचे. रेघ अशी सुरेख जुळली की शंभर वर्षं पुस्तकांत छापली जाते.

पण प्लेग उंदरांचा आणि पिसवांचा. १९२७ च्या त्या समीकरणात उंदीर नाही, पिसू नाही, ऋतू नाही. रेघ जुळली म्हणून कारण बरोबर होतं असं नाही. वर्गात मी ही आकृती दरवर्षी काढायचो आणि हे कधीच सांगितलं नाही. मला तेव्हा उमजलंच नव्हतं. त्याची खंत वाटते.

---

टिळकवाडी_ताई

प्लेगवरून आठवलं. माझी आजी येळ्ळूरकडची. तिची आजी सांगायची, गाव मोडून सगळे माळावर झोपड्या बांधून राहिले होते, घरात उंदीर पडला की दुसऱ्या दिवशी गाडी जुंपायची. वर्तमानपत्र कुणी वाचत नव्हतं. माळावर उंदीर नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं.

लहानपणी आम्ही व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत खेळायचो. तिथं देवीची लस बनायची हे मला पस्तिशीत कळलं.

---

चंदगडी_डॉक्टर

ताई, तुमच्या पणजीच्या आधीच्या पिढीनं समीकरणात नसलेला उंदीर बरोबर ओळखला होता. हे मी माझ्या कंपाउंडरला वाचून दाखवलं.

---

मळेकरी_हुक्केरी

समद्यांनी माणसांचं लिवलंय, मी जनावरांचं लिवतो. २०२२ ला लंपी आला. माझी दोन जनावरं गेली, एक गाभण. बाजार बंद केले, लस दिली, ती शेळीच्या देवीची लस हुती म्हणे. आमच्या गावात लस आली तवा रोग येऊन गेला हुता. गावाच्या पलीकडं वढ्याच्या त्या अंगाला लस आदी मिळाली, तितली जनावरं वाचली. कुटं आदी द्याची हे कोण ठरवतंय? त्याला गणित असतंय काय?

---

बंगळूरस्थ_खडेबाजार

असतं, मामा. बाधित गावाभोवती कडं करून बाहेरून आत लस देत यायची. आगीच्या पुढं पाचोळा झाडून काढतात तसं. कडं किती मोठं घ्यायचं हे रोगाच्या वेगावर ठरतं. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढ्या दिवसांत रोग जेवढं अंतर चालतो त्याच्या बाहेर कडं हवं. आत लागलेल्या गावात तुम्हाला लस उशिरा मिळाली, पण मला वाटतं तिथं ती आधी मिळूनही फारसा उपयोग झाला नसता. तुमच्या वढ्याच्या त्या अंगाला मिळाली, ती बरोबर जागी मिळाली.

मात्र जनावरांच्या बाबतीत गणितानं कठोर निर्णयही घेतले गेलेत. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली. मॉडेलवरून शेजारच्या गोठ्यांतली निरोगी जनावरंसुद्धा मारायचं ठरलं. एकूण ६० लाखांवर जनावरं मारली गेली. त्यातली किती मारायची गरज नव्हती यावर तिथले शास्त्रज्ञ आणि शेतकरी पुढं कितीतरी वर्षं भांडत राहिले. हिशेब करणाऱ्याला गोठ्यात जायला लावलं पाहिजे, असं माझं मत आहे.

---

मळेकरी_हुक्केरी

हां. मग लसवाल्यानं तवाच सांगितलं अस्तं तर बरं झालं अस्तं. मी तेला लई बोललो हुतो.

---

कणकुंबीची_सेविका

गोवराचं एक विचारते आणि थांबते. माझी चुलत बहीण रायबागकडं आशा आहे. कारखाने चालू झाले की फडावर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या, विजापूरकडच्या. पालातली लहान मुलं. दिवाळीनंतर येतात, उन्हाळ्यात जातात. गावी लसीची तारीख असते तेव्हा पोर इथं, इथली तारीख येईस्तोवर कोयता (ऊस तोडणारं जोडपं) दुसऱ्या फडावर. तालुक्याची टक्केवारी मात्र चांगली दिसते.

---

चंदगडी_डॉक्टर

गोवराचा एक रुग्ण, कुणालाच लस नसेल तर, १२ ते १८ जणांना देतो. १५ धरा. साथ थांबवायला १५ पैकी १४ जण सुरक्षित हवेत, म्हणजे ९३ टक्के. म्हणून ९५ टक्क्यांचा आग्रह असतो. पण हे गणित सगळे सगळ्यांत सारखे मिसळतात असं धरून केलेलं आहे. पालावरची चाळीस पोरं एकमेकांतच खेळतात. तालुक्याचे ९५ टक्के त्या चाळीस पोरांना कसलंच कवच देत नाहीत. सरासरीत ती पोरं हरवतात, फडावर हरवत नाहीत. तुमच्या बहिणीला सांगा, टोळी उतरली त्याच आठवड्यात मुकादमाकडून पोरांची यादी घ्या, गाव-पत्ता नंतर बघू.

---

गणितमास्तर_शहापूर

सगळं वाचून रात्रभर विचार केला. आपल्याला मोठं मॉडेल बांधायचं नाही, ते बांधणारे लोक आहेत. त्यांच्याकडं जे नाही ते आपल्याकडं आहे : कोण कुठून कुठं जातं. जिल्ह्याच्या आकड्यात बेळगाव-चंदगड ही वाट नाहीच, कारण ती दोन राज्यांच्या दोन कागदांवर अर्धी-अर्धी पडते.

मी एक साधा तक्ता करतो. उभ्या ओळीत आपली गावं, आडव्या ओळीत जिथं माणूस जातो ती जागा : बाजार, दवाखाना, शाळा-कॉलेज, काजू, ऊस, सौंदत्तीची यल्लम्माची जत्रा. तक्त्याच्या प्रत्येक चौकटीत कुठल्या महिन्यात किती माणसं, एवढंच. कुणाचं नाव नको. निपाणीवाले, तुम्ही रोज नाका ओलांडता, तुमची मदत लागेल. डॉक्टर, तुमच्या ‘बेळगाव रेफर’च्या नुसत्या महिन्याच्या बेरजा पुरेत.

---

निपाणीवाला

देतो. माझ्या भाड्याची डायरी २०१८ पासूनची आहे. कुठल्या दिवशी कुठं गेलो सगळं लिहिलंय, फक्त २०२१ चे एप्रिल-मे कोरे आहेत.

---

कणकुंबीची_सेविका

माझ्या पेन्सिलीच्या नोंदी मागच्या तीन हंगामांच्या आहेत. नावं झाकून गाव आणि महिना उतरवून देते. रविवारी खानापूरला बाजार असतो, मी येते, तुम्ही बस स्टँडवर या, सर. फोटोत पेन्सिल नीट उमटत नाही.